रिलोकेशन कंपनीचं ‘फॅमिली पॅकेज’: दोन तारे, आणि तेही एका बाईंमुळे

पाचपैकी दोन तारे. तेही कंपनीला नाहीत, कंपनीने भाषांतराचं काम ज्यांच्याकडे दिलं त्या बाईंना आहेत. त्या नसत्या तर एकच दिला असता, कारण शून्य द्यायची सोय नाही.

कंपनीचं, म्हणजे परदेशातून नोकरीला आलेल्यांचे कागद आणि बस्तान लावून देणाऱ्या या मंडळींचं, नाव लिहीत नाही. माझ्या ऑफिसचा तिच्याशी करार अजून चालू आहे आणि मला तिथंच नोकरी करायची आहे. शहराचंही नाव नको. जर्मनीतल्या बायर्न राज्यातलं, म्युनिकपासून रेल्वेने सव्वा तासावर, एवढं पुरे.

मी ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) इथं आले, सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीसाठी. नवरा डिसेंबरात आला, माझ्या कार्डाच्या आधाराने. (हे वाक्य सासरी दोनदा समजावून सांगावं लागलं होतं.) ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्या दिवसापासून नोकरी करता येते, त्यामुळे त्याचं बरं चाललं.

तेव्हाचं पहिलं पॅकेज ऑफिसने घेऊन दिलं होतं आणि त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. पत्त्याची नोंदणी, बँकेचं खातं, आरोग्य विमा, ब्लू कार्डाची अपॉइंटमेंट, घरमालकाशी बोलणी. कंपनीचा एक तरुण पोरगा प्रत्येक ठिकाणी सोबत यायचा, नंबर लागेपर्यंत थांबायचा, खिडकीपलीकडच्या बाईंशी बायरिश बोलीत काहीतरी बोलून त्यांना हसवायचा आणि वीस मिनिटांत काम उरकायचा. त्या वेळी मी सगळ्यांना सांगत सुटले होते की डोळे झाकून हे लोक घ्या. त्या शिफारशीबद्दल आता दोन मैत्रिणींची माफी मागून झाली आहे.

मार्च २०२४ मध्ये कळलं की दिवस राहिलेत. मीच कंपनीला मेल टाकली. उलट उत्तर आलं ते फुगे आणि पाळण्याची चित्रं असलेल्या पीडीएफसकट: फॅमिली पॅकेज, ६८० युरो, या वेळी आपल्या खिशातून. त्यात हेबामे, म्हणजे सुईण, शोधून देणं, जन्मनोंदणीच्या कागदांची तयारी, शपथबद्ध भाषांतरं, एल्टर्नगेल्ड (बाळासाठी रजेवर गेलेल्या आईबापाला मिळणारा सरकारी भत्ता) आणि किंडरगेल्ड (मुलामागे दरमहा मिळणारा सरकारी भत्ता) यांचे अर्ज, बाळाचा राहण्याचा परवाना आणि शेवटी ‘कायम वास्तव्याबाबत मार्गदर्शन’.

घेतलं. त्या महिन्यात कुणी काहीही विकलं असतं तरी मी घेतलं असतं. ब्लू कार्डवाल्याला कायमचा परवाना, म्हणजे आपण सगळे ज्याला पीआर म्हणतो तो, २७ महिने नोकरी आणि पेन्शनचे हप्ते भरून झाले की मागता येतो. जर्मन बी-वन पातळीची, म्हणजे रोजचे व्यवहार जमतील एवढी, असेल तर २१ महिन्यांनीच. माझे २१ महिने जुलै २०२४ मध्ये भरत होते. बी-वनची परीक्षा मे महिन्यात. बाळाची तारीख नोव्हेंबरच्या मध्यावर. सकाळी उलट्या, दुपारी रिलीजची गडबड, संध्याकाळी ‘डेर-डी-डास’, म्हणजे जर्मन शब्दांची तीन लिंगं. शब्दाला लिंग का असतं असा प्रश्न मराठी माणसाने विचारू नये, पण त्या दिवसांत मी विचारला.

पैसे भरण्याआधीच्या कॉलवर कंपनीच्या बाई आनंदाने म्हणाल्या, “बाळ इथंच जन्मणार ना? मग ते जर्मनच!” साफ चूक. परदेशी आईबापाच्या बाळाला जन्माने जर्मन नागरिकत्व मिळायचं तर त्यांच्यापैकी एकजण तरी ५ वर्षं इथं कायदेशीर राहिलेला असावा लागतो आणि त्याच्याकडे कायमचा परवानाही लागतो. ही ५ वर्षंसुद्धा जून २०२४ पासून, त्याआधी ८ होती. आम्हाला तर दोनही झाली नव्हती. पण हे मला नंतर कळलं. तोवर नवऱ्याने त्याच्या मित्रांना “आमचं जर्मन पिल्लू” वगैरे सांगून झालं होतं.

हेबामे शोधून देणं म्हणजे काय, तर १४ नंबरांची यादी. नऊ ठिकाणी रेकॉर्ड केलेला आवाज, “नोव्हेंबरच्या बाळंतिणी घेणं बंद.” तीन ठिकाणी उत्तरच नाही. एक बाई निवृत्त झाल्या होत्या. एक नंबर फुलवाल्याला लागला, तो मात्र फार प्रेमाने बोलला. इथल्या बायका टेस्ट पॉझिटिव्ह आली की आईच्या आधी हेबामेला फोन करतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी वरच्या मजल्यावरच्या तुर्की शेजारणीने तिची हेबामे मिळवून दिली.

ही सेवा कंपनीची नाही, तरी दोन ओळी लिहितेच. सरकारी आरोग्य विम्यात हेबामेचा खर्च बसतो. बाळंतपणानंतर पहिले दहा दिवस ती रोज घरी येऊ शकते आणि पुढेही बारा आठवड्यांपर्यंत. आमची यायची तीच सायकलवरून, हुकाला लटकवायचा वजनकाटा पिशवीत घालून. बाळाला कापडात गुंडाळून त्या हुकाला टांगायची आणि काटा स्थिर होईपर्यंत आम्ही तिघं श्वास रोखून उभे. माझी आई नव्वद दिवसांच्या शेंगेन व्हिसावर आली होती. तिने खसखस, डिंक, बाळंतशेपा सगळं आणलं होतं आणि शेगडी नाही म्हणून गरम पाण्याच्या रबरी पिशवीवर ओव्याची पुरचुंडी ठेवून शेक देणं चालू होतं. हेबामेने पुरचुंडी हुंगली, हाताला किती गरम लागते ते बघितलं आणि “आईसाठी ठीक, बाळाला नको” एवढंच म्हणाली. आईने ते लगेच ऐकलं. मी तेच आठवडाभर सांगत होते.

आता पीआर. ‘मार्गदर्शन’ आलं एका मेलमधून: आत्ता अर्ज करू नका, बाळ झाल्यावर, तुम्ही कामावर परतल्यावर शांतपणे बघू. कारण काय, तर अर्ज चालू असताना रजा लागली तर पगाराच्या स्लिपांचा घोळ होईल. मी पोटावर लॅपटॉप ठेवून याचा विचार केला. आज माझ्याकडे पूर्ण पगाराच्या स्लिपा आहेत. ऑक्टोबरपासून बाळंतपणाची रजा, बाळाच्या आधी सहा आठवडे, नंतर आठ. त्या काळात विमा कंपनी दिवसाला १३ युरो देते आणि वरचा फरक मालक भरतो, म्हणजे स्लिप आधीच विचित्र दिसणार. त्यानंतर वर्षभर एल्टर्नगेल्ड, म्हणजे स्लिपच नाही. मग घोळ नक्की कधी आहे, आत्ता की तेव्हा? टेस्टिंगमध्ये आम्ही याला काय म्हणतो ते इथं लिहिता येणार नाही.

मी अर्ज स्वतःच केला, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. नोकरीचं पत्र, स्लिपा, पेन्शनच्या हप्त्यांचा उतारा, घराचा करार, बी-वनचं प्रमाणपत्र. वर ‘लेबेन इन डॉइचलांड’ ही इथल्या कायद्याची आणि समाजाची परीक्षा, जिचा निकाल मागाहून जोडला. ३३ प्रश्न, एका तासाचा वेळ, १५ बरोबर आले की झालं. सगळे प्रश्न ३१० प्रश्नांच्या जाहीर संचातूनच येतात, त्यामुळे दहावीत इतिहास पाठ केलेल्या माणसाला काहीच अवघड नाही. पाचव्या महिन्यात होते, अर्ध्या तासात उठले, ३१ आले. फी ११३ युरो. कार्ड जानेवारीत हातात आलं. अपॉइंटमेंटच्या दिवशी खिडकीवरच्या माणसाने माझ्या पोटाकडे बघून आधी खुर्ची आणून दिली आणि मग फाईल उघडली. कंपनीचं ऐकलं असतं तर आज, ही ओळ लिहिताना, मी अजून अर्जाच्या तयारीत असते.

पण खरी कथा कागदांची आहे. हे जरा सविस्तर लिहिते, कारण पुढच्या बाईला याचाच उपयोग होणार आहे.

इथं बाळ जन्मलं की हॉस्पिटल श्टांडेसअम्टला, म्हणजे नोंदणी कार्यालयाला कळवतं. मग त्या कार्यालयाला आईबापाचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला लागतो, जर्मन भाषांतरासकट. त्यावरून बाळाचा दाखला निघतो. दाखल्यावरून भारतीय पासपोर्ट, पासपोर्टवरून बाळाचा परवाना. एल्टर्नगेल्ड आणि किंडरगेल्डलाही तोच दाखला. म्हणजे पहिला मणी अडकला की अख्खी माळ अडकली.

कंपनीने जूनमध्ये कळवलं, भारतातल्या तिन्ही दाखल्यांवर अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लावायचा सरकारी शिक्का, करून आणा. माझे वडील, अण्णा, वय ६८, कराडला राहतात. त्यांनी नगरपालिकेतून नवे उतारे काढले, मुंबईच्या दोन फेऱ्या केल्या, राज्य शासनाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील. दुसऱ्या फेरीला पाऊस होता. उतारे प्लास्टिकमध्ये, प्लास्टिक शर्टाच्या आत, आणि स्वतः भिजून. कुरिअर आलं तेव्हा मी फोन केला, तर म्हणाले, “कागद कोरडे आहेत ना? मग झालं.”

आणि झालं काय? भारत २००५ साली अपोस्टीलच्या करारात आला खरा, पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतलेली आहे. त्यामुळे दोन देशांत तो करार लागूच नाही. भारतातलं अपोस्टील जर्मन कार्यालयाच्या लेखी एक सुंदर स्टिकर आहे. गरज वाटली तर कार्यालय भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत दाखल्यांची पडताळणी करवून घेतं आणि त्याला महिने लागतात. ही गोष्ट गुपित नाही. ज्यांचा धंदाच परदेशी लोकांचे कागद करणं आहे, त्यांना ती माहीत नसावी? मी विचारलं तर उत्तर आलं, “आमच्या बहुतेक ग्राहकांना अपोस्टील लागतं.” बहुतेक ग्राहक ब्राझीलचे असतील. अण्णा कराडचे आहेत.

मुलगी १२ नोव्हेंबरला झाली. तीन किलो शंभर ग्रॅम, सगळं ठीक. दोन आठवड्यांनी श्टांडेसअम्टचं पत्र आलं: नोंदणी तूर्त स्थगित, आईच्या नावाचा खुलासा करावा.

आता आईचं नाव, म्हणजे माझं. जन्मदाखल्यावर माझं नाव, अण्णांचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नानंतरच्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात माझं नाव आणि नवऱ्याचं नाव, पुढे सासरचं आडनाव. कार्यालयातल्या बाईंचा प्रश्न अगदी सरळ होता. जन्मतः तुमचं दुसरं नाव एका पुरुषाचं होतं, आता दुसऱ्या पुरुषाचं आहे, तर मधलं नाव बदलल्याचा कोर्टाचा आदेश कुठे आहे? नवऱ्याच्या पासपोर्टवर त्याच्या नावानंतर माझ्या सासऱ्यांचं नाव. बाळासाठी आम्ही लिहिलं होतं बाळाचं नाव आणि नवऱ्याचं नाव. बाईंनी तिन्ही कागद शेजारी ठेवले आणि नवऱ्याला विचारलं, “तुमच्या घरात कुणाला स्वतःचं नाव नसतं का?” तो म्हणाला, असतं, पण पहिलं तेवढंच.

शिवाय तेव्हा परदेशी माणसाच्या नावाला इथं त्याच्या देशाचा कायदा लागायचा (मे २०२५ पासून नियम बदलला, आता माणूस राहतो त्या देशाचा लागतो). त्यामुळे ‘भारताचा कायदा काय म्हणतो’ हेही त्यांना हवं होतं. आता काय सांगणार? आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर मास्तर लिहील ते नाव.

कंपनीला कळवलं. चार दिवसांनी भाषांतराचा मसुदा आला. कुणी केला देव जाणे, बहुधा मशीनने. माझा जन्मदाखला १९९२ सालच्या हस्तलिखित नोंदीचा, फक्त मराठीत. त्यात आईच्या नावामागे ‘सौ.’ लिहिलेलं. मसुद्यात ते झालं होतं ‘हुंडर्ट’. जर्मनमध्ये हुंडर्ट म्हणजे शंभर. कुणीतरी ‘सौ’ हिंदी समजलं होतं. माझ्या आईचं नाव जर्मन सरकारदरबारी ‘शंभर अमुक तमुक’ म्हणून जाणार होतं. आई तेव्हा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मी वाचून दाखवलं तर एवढी हसली की बाळ दचकून रडायला लागलं. मग म्हणाली, “शंभर नको बाई, एक सांभाळता सांभाळता नाकी नऊ आले तुझ्या अण्णांच्या.”

मी हसले नाही. रात्री तीनला दूध पाजताना मी तो मसुदा पुन्हा वाचला आणि कंपनीला एक मेल लिहिली, जिच्यातलं जर्मन व्याकरण पहिल्यांदाच बिनचूक होतं. राग आला की विभक्त्या बरोबर लागतात.

तेव्हा कुठे त्यांनी काम त्या बाईंकडे दिलं. साठीच्या पुढच्या, जन्माने महाराष्ट्रातल्या, आयुष्य इथं काढलेल्या, कोर्टात शपथ घेतलेल्या मराठी आणि हिंदीच्या भाषांतरकार. मेलवर स्कॅन नको, मूळ कागद घेऊन या म्हणाल्या. डिसेंबरच्या थंडीत नवरा कागद घेऊन गेला आणि मी फोनच्या व्हिडिओवर, पाळण्याशेजारून. टेबलावर भिंग, दोन जाड कोश आणि पेन्सिलींचा डबा. त्यांनी दाखला भिंगाखाली धरला आणि पहिलं वाक्य बोलल्या, “कारकुनाचं अक्षर बरं आहे हो. पण हा ल नाही, ळ आहे.”

माझ्या माहेरच्या आडनावात ळ आहे. जुन्या पासपोर्टवर आणि लग्नाच्या दाखल्यावर इंग्रजीत साधा एल. शपथबद्ध भाषांतरात देवनागरी अक्षरं रोमनमध्ये आणायची तर आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धत वापरावी लागते, तिथं ळ म्हणजे एलच्या पोटाखाली टिंब, आणि दीर्घ आ म्हणजे ए-च्या डोक्यावर आडवी रेघ. भाषांतर नियमाप्रमाणे केलं की पासपोर्टशी जुळत नाही, पासपोर्टप्रमाणे केलं की नियमात बसत नाही. एका टिंबावर माझ्या मुलीचा दाखला अडायचा! बाईंनी दोन्ही रूपं लिहिली, आणि खाली टीप घातली की ही एकाच नावाची दोन लेखनं आहेत.

आणि त्या टीपेखाली दुसरी टीप, जिच्यासाठी हे दोन तारे आहेत. मराठी नावातला मधला शब्द म्हणजे दुसरं नाव नव्हे. तो बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावाचा उल्लेख आहे. लग्नानंतर तो रिवाजाने बदलतो, त्यासाठी कोर्टाचा आदेश नसतो. ‘सौ.’ हा विवाहित स्त्रीच्या नावाआधीचा आदरार्थी शब्द आहे, नावाचा भाग नाही. सात-आठ ओळी, खाली सही आणि गोल शिक्का. लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही आडनावं एकत्र येतात, तिकडेही त्यात बोट दाखवलेलं. फोनवरून मला वाचून दाखवली आणि विचारलं, “यात तुमचं काही राहिलं का?” मला काय राहणार? लग्नाला सहा वर्षं झाली, माझं नाव मला इतकं नीट कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

उठता उठता नवऱ्याला म्हणाल्या, “मुलीच्या नावात तुमचं नाव घालू नका. इथं ते तिचं दुसरं नाव होईल. शाळेत बाई तिला त्या नावानेही हाक मारतील.” त्याने रात्री खूप वेळ विचार केला आणि सकाळी कार्यालयाला कळवलं, फक्त तिचं नाव आणि आडनाव. सासूबाईंचा फोन आला, “अगं, बापाचं नाव कुठंय?” मी म्हटलं, दाखल्यावर बापाच्या रकान्यात आहे. त्या गप्प बसल्या. पटलं म्हणून नव्हे, कुकरची शिट्टी झाली म्हणून.

दाखला ९ जानेवारीला हातात आला. पडताळणीला काहीही पाठवावं लागलं नाही. मधल्या काळात विम्याच्या कंपनीने ‘नोंदणी स्थगित’ असं श्टांडेसअम्टचं प्रमाणपत्र चालवून घेतलं आणि मुलगी माझ्याच विम्यात, जादा हप्ता न भरता, बसली.

एल्टर्नगेल्डबद्दल थोडक्यात. ते अर्जाच्या आधीच्या फक्त तीन महिन्यांपुरतं मागून मिळतं, म्हणून दाखल्याची वाट न बघता अर्ज आधी टाकायचा आणि दाखला मागाहून पाठवायचा. कंपनी म्हणाली थांबा. मी थांबले नाही. शिवाय त्यांच्या फुगे आणि पाळण्यावाल्या पीडीएफमध्ये जुना नियम होता. १ एप्रिल २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी आईबापाला पहिल्या वर्षात एकाच वेळी फक्त एक महिना एल्टर्नगेल्ड घेता येतं. आम्ही पीडीएफ वाचून नवऱ्याचे दोन्ही महिने सुरुवातीलाच, माझ्यासोबत, ठरवले होते. दुसरा महिना बिनपैशाचा गेला असता. हे कळलं सरकारी कार्यालयाच्या फोनवरच्या माणसाकडून, फुकट. नवऱ्याने दुसरा महिना पुढच्या नोव्हेंबरात ढकलला. नवऱ्याचे साहेब समजूतदार निघाले, नाहीतर रजेची नोटीस सात आठवडे आधी द्यावी लागते. किंडरगेल्डचा अर्ज मात्र कंपनीने बरोबर भरला. छोटासा फॉर्म होता.

उरलेलं सोपं गेलं. म्युनिकच्या भारतीय वकिलातीत जन्म एका वर्षाच्या आत नोंदवावा लागतो, बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं, मग पासपोर्ट. अवघड फक्त फोटो: डोळे उघडे, तोंड मिटलेलं, मागे पांढरं. तीन महिन्यांच्या बाळाला हे तिन्ही एकदम जमेपर्यंत नवऱ्याने ६४ फोटो काढले. बाळाच्या परवान्याचा अर्ज जन्मापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो, तो एप्रिलमध्ये केला. त्या दिवशी कंपनीचा माणूस सोबत येणार होता. आला नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, पहिल्या वर्षी आमच्यासोबत फिरणारा तो बायरिश पोरगा केव्हाच नोकरी सोडून गेला. माझा अंदाज असा की कंपनीला जे काही येत होतं ते त्या पोराला येत होतं.

पैसे परत मागितले. १२० युरो ‘सद्भावना म्हणून’ मिळाले, आणि पुढच्या देशांतरावर दहा टक्के सवलतीचं कूपन. पुढच्या देशांतरावर! नुकतं पीआरचं कार्ड आलेल्या बाईला.

तर घ्यावं का? एकटे किंवा दोघंच येत असाल आणि ऑफिस पैसे भरत असेल तर साधं पॅकेज घ्या, बिनधास्त. पण घरात पाळणा हलणार असेल तर हे ६८० युरो ठेवून द्या. न्यायखात्याच्या ऑनलाइन यादीत शपथबद्ध भाषांतरकार भाषेप्रमाणे शोधता येतात, त्यात मराठीवाले मोजकेच आहेत, म्हणून सहाव्या महिन्यातच गाठा. श्टांडेसअम्टला बाळ व्हायच्या आधी जाऊन कागद दाखवा, काय चालतं काय नाही ते त्यांच्याच तोंडून ऐका. तिथल्या बाई आम्हाला नंतर म्हणाल्या की आधी आला असतात तर दहा मिनिटांत सांगितलं असतं. वडिलांना मुंबईला पाठवू नका.

मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एका नव्या मुलीने विचारलं, ती साताऱ्याची, चौथा महिना, कंपनीची तीच पीडीएफ तिलाही आली आहे. मी तिला भाषांतरकार बाईंचा नंबर दिला आणि म्हटलं, आधी आईला फोन कर, जन्मदाखल्याचा फोटो मागव, आणि तुझ्या आईच्या नावाआधी काय लिहिलंय ते बघ. संध्याकाळी तिचा मेसेज आला: “ताई, सौ.कां. आहे. आता?”